लेक म्हणाली, ‘मदर गोथेल पण हेच म्हणते!’

एका वाचक आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

माझी मुलगी तिसरीत आहे. ‘टँगल्ड’ हा रपुंझेलचा ॲनिमेशनपट तिनं इतक्यांदा पाहिलाय की संवाद पाठ झालेत. त्याआधी ‘द लायन किंग’ आणि ‘फ्रोझन’चं वेड होतं. परवा तिला मैत्रिणींबरोबर सायकलवरून मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानात जायचं होतं. मी नको म्हटलं. ‘बाहेर कसली कसली माणसं असतात, तुला नाही कळत, आईला कळतं,’ असं म्हणाले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘मदर गोथेल पण हेच म्हणते.’ मला काही सुचेचना. दिवाळीत तिची आत्या तिला जवळ घेऊन लाड करत होती, तर सगळ्यांसमोर तिनं विचारलं, ‘तू एवढं गोड का बोलतेस? तुला काय पाहिजे?’ नणंद दुखावली. सासूबाई म्हणतात, ही कार्टूनं बंद करा, आमच्या गोष्टीत राक्षस राक्षसासारखा दिसायचा, पोरांना कळायचं तरी. नवरा हसण्यावारी नेतो. या सिनेमांमुळे पोरीचा माणसांवरचा विश्वास उडेल का? ते बंद करू का? आणि खरं सांगते, रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच प्रश्नानं. मी खरंच तशी आहे का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण आधीचे दोन्ही प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

नाही, तुम्ही तशा नाही. तुमच्या समाधानासाठी हे म्हणत नाही, तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. तुमच्या लेकीनं तो वार तुमच्या तोंडावर केला. ‘टँगल्ड’मधल्या रपुंझेलला हे जमत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१० सालच्या या डिस्नेपटात गोथेल नावाची बाई राजवाड्यातून एक तान्ही राजकन्या पळवते. मुलीच्या केसांत जादू आहे, त्या जादूनं म्हातारपण मागे हटतं, आणि गोथेलला तेवढंच हवं आहे. ती मुलीला उंच मनोऱ्यात ठेवते, स्वतःला आई म्हणवून घेते आणि बाहेरचं जग किती दुष्ट आहे हे तिच्या मनावर बिंबवत राहते. अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर रपुंझेल दरवर्षी आकाशात दिसणारे दिवे जवळून पाहायची परवानगी मागते. गोथेल आधी चुचकारते, मग चिडवते, आणि शेवटी ओरडते की तू या मनोऱ्याबाहेर कधीही जाणार नाहीस. पुढच्याच क्षणी ती खुर्चीत कोसळल्यासारखी बसते आणि म्हणते, झालं, आता मीच वाईट ठरले!

त्यानंतर रपुंझेल काय करते ते आठवा. ती वाद घालत नाही. दिव्यांचा विषय सोडून देते, वाढदिवसाला एक खास रंग मागते आणि तो आणायला गोथेलला जवळजवळ तीन दिवसांच्या प्रवासाला धाडते. म्हणजे ती खोटं बोलते. अठरा वर्षांच्या त्या मुलीला एवढं पक्कं कळलं आहे की या घरात खरं बोलून काही मिळत नाही. तुमची मुलगी आठ-नऊ वर्षांची आहे आणि तिला मनातलं जसंच्या तसं बोलावंसं वाटलं. त्यावर तुम्ही ‘हे फळ का मला?’ असं म्हणून अश्रू ढाळले नाहीत, तिला घालूनपाडून बोलला नाहीत. तुम्हाला काही सुचलं नाही, आणि रात्री तुम्ही स्वतःला तपासत बसलात. गोथेल असलं काही कधीच करत नाही.

पण ताई, एवढ्यावर तुम्हाला सोडणार नाही. लेकीनं जे पकडलं ते बरोबर पकडलं आहे. तुमचं वाक्य आणि गोथेलचं वाक्य खरोखरच एक आहे.

मुलांच्या ॲनिमेशनमधले चांगले लिहिलेले कपटी खलनायक असेच घडवलेले असतात. ते स्वतःची भाषा वापरत नाहीत. प्रेमळ माणसांची भाषा उचलतात आणि तिच्या आड आपलं काम साधतात. ‘तुझ्या भल्यासाठी सांगते’, ‘तुला जगाचा अनुभव नाही’, ‘माझ्याइतकं तुझ्यावर प्रेम कोण करणार’ ही वाक्यं आपल्याकडच्या प्रत्येक घरात, प्रत्येक आईच्या तोंडी आहेत, आणि बहुतेक वेळा खऱ्या मायेतून आलेली आहेत. गोथेल मुलीच्या आवडीचं सूप करते. गालावर हात फिरवते. त्याच दमात तिला वेंधळी म्हणते, भोळसट म्हणते, जाड होत चाललीस म्हणते, आणि वर प्रेमापोटीच सांगतेय असंही म्हणते. आरशासमोर तिला उभं करून ‘मला इथे एक सुंदर, आत्मविश्वासू स्त्री दिसते’ अशा अर्थाचं काही बोलते, आणि मग, अरे, तूही आहेस वाटतं इथे! दुखावलीस की म्हणणार, गंमत केली. हे ऐकून मोठ्यांच्याही पोटात कालवतं, कारण अशी माणसं आपण पाहिलेली असतात.

मग शब्द एकच असतील तर लहान मुलीनं फरक ओळखायचा कशावरून? तुमच्या सगळ्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही, तुमच्या लेकीनं विचारला आहे. ‘मदर गोथेल पण हेच म्हणते’ हे तुम्हाला आरोपासारखं ऐकू आलं. मला ती चौकशी वाटते. दोघी सारखं बोलतात, मग तुझं वेगळं कसं ते मला सांग, असं ती म्हणते आहे.

तिला द्यायचं उत्तर शोधताना आणखी एक सिनेमा तुमच्या मदतीला येईल. हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’, जपानचा, २००१ सालचा. दहा वर्षांची चिहिरो देवादिकांच्या आणि भुताखेतांच्या एका स्नानगृहात अडकते. तिथली मालकीण युबाबा ही जादूगारीण तिला कामावर ठेवते, करार लिहून घेते आणि करारातच तिचं नाव काढून घेते. नाव विसरलीस की घरी परतायची वाट विसरलीस, असं चिहिरोला तिथला हाकू नावाचा मुलगा बजावतो, कारण त्याचं स्वतःचं नाव असंच गेलेलं आहे. पण मला सांगायचंय ते युबाबाच्या बाळाबद्दल. ते बाळ अवाढव्य आहे आणि मऊ उशांनी भरलेल्या खोलीत राहतं. बाहेर रोगजंतू आहेत, बाहेर गेलं की आजारी पडतो, हे त्याच्या मनात पक्कं बसलं आहे. चिहिरो त्याला सांगते की या खोलीत राहूनच तू आजारी पडशील. पुढे जादूनं त्याचा उंदीर होतो आणि तो चिहिरोबरोबर आगगाडीतून लांब जाऊन येतो. परत येतो तेव्हा स्वतःच्या पायांवर उभा असतो, आणि युबाबा थक्क होते, तू उभा कधी राहायला लागलास?

गोथेलला मुलगी नकोच आहे, केस हवे आहेत. युबाबाचं मात्र बाळावर खरं प्रेम आहे. तरीही तिच्या प्रेमानं त्याला उभं राहू दिलं नाही. तुम्हाला धास्ती बाळगायचीच असेल तर गोथेलची बाळगू नका, उशांच्या त्या खोलीची बाळगा. आपण चांगल्या आया तिथेच चुकण्याची शक्यता असते, आणि आपल्याला ते कळत नाही कारण आपला हेतू स्वच्छ असतो. मुलापर्यंत हेतू पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतं ते वाक्य, आणि त्या वाक्यामागून येणारी वागणूक.

म्हणून तुमच्या त्या वाक्याचंच बघू. ‘बाहेर कसली कसली माणसं असतात’ यात माहिती काहीच नाही, नुसती भीती आहे. मुलीला त्यावरून काही ठरवता येत नाही, काही शिकता येत नाही. ‘तुला नाही कळत, आईला कळतं’ हे तर दार लावून घेणं झालं. त्याऐवजी खरं कारण सांगितलं तर? त्या रस्त्यावर संध्याकाळी ट्रक भरधाव येतात, चौकात सिग्नल नाही, तुझी सायकल अजून वळणावर डगमगते. असं सांगितलं की ती वाद घालू शकते, आणि घालू द्या. ‘मग शनिवारी सकाळी जाऊ का, तेव्हा ट्रक नसतात’ असं ती म्हणाली, तर तुमच्या कारणाचा तिनं मान ठेवला असं समजा.

यात काळाचाही भाग आहे. गोथेलचं उत्तर ‘कधीच नाही’ असतं. तुमचं ‘अजून नाही’ असायला हवं, आणि त्याला पुढचं टोक हवं. या महिन्यात मी तुझ्याबरोबर चालत येते, तू सायकलवर. दोनदा तू रस्ता नीट पार केलास की मी अलीकडे थांबेन. पाचवीत गेलीस की मैत्रिणींबरोबर. मुलाला जपणाऱ्या माणसाचे नियम वर्षागणिक कमी होत जातात, आणि कोंडणाऱ्या माणसाचे वाढत जातात. हे वाक्य तिला तिच्या भाषेत सांगून ठेवा. पुढे कॉलेजात गेल्यावर, नोकरीत, लग्नाचं ठरवताना, कुठेही तिला ते लागेल.

आता तिच्या संशयाकडे वळते. सिनेमानं तिला संशयी केलं असं तुम्ही आणि सासूबाई धरून चालला आहात. मला ते पटत नाही. कपटी माणूस गोड बोलतो ही काही डिस्नेची शिकवण नाही. सासूबाईंना एवढंच विचारा की पूतना कृष्णाकडे आली तेव्हा कशी दिसत होती? राक्षसीसारखी? देखण्या बाईचं रूप घेऊन, बाळाला पाजायला म्हणून ती आली. कैकेयीच्या कानाशी लागलेली मंथरा तिच्या हिताचंच बोलतेय असं दाखवत होती. आपल्या आज्यांनी हे सगळं आपल्याला झोपवताना सांगितलं आणि त्यामुळे कुणाचा माणसांवरचा विश्वास उडाला नाही. एखाद्या दुपारी त्यांनाच नातीला पूतनेची गोष्ट सांगू द्या, आणि गोथेल कोण ते नातीनं आजीला सांगावं. माझी खात्री आहे, दोघींचं छान जमेल, आणि कार्टूनवरचा वादही थोडा निवळेल.

मात्र तुमची लेक एका टप्प्यावर अडकली आहे. ‘गोड बोलणारा माणूस लबाड असू शकतो’ इथवर ती आली आणि त्यावरून तिनं ‘गोड बोलणारा लबाडच’ असं गणित मांडलं. या वयात हे होतं. मुलं नियम शोधत असतात आणि पहिला सापडलेला नियम सगळीकडे लावून बघतात. तुम्ही तो नियम हिसकावून घेऊ नका. तिला जास्त चांगला नियम द्या, आणि त्यासाठी तिचेच सिनेमे पुरेसे आहेत.

‘द लायन किंग’मध्ये सिंबा या सिंहाच्या पिल्लाचा काका स्कार काय करतो, हे तिच्याबरोबर पुन्हा पाहा. हा सिनेमा १९९४चा आहे आणि बालमनावर डाव टाकणं कसं असतं ते इतक्या बारकाईनं फार थोड्या ठिकाणी दाखवलं गेलं आहे. स्कार छोट्या सिंबाला हत्तींच्या दफनभूमीकडे जा असं एकदाही सांगत नाही. तिथे फक्त सर्वांत शूर सिंहच जातात असं म्हणतो. चुकून तोंडातून निघून गेल्याचा आव आणतो. मग तिथे कधी जाणार नाहीस असं वचन मागतो, आणि हे आपलं दोघांचं गुपित हं, असं सांगून त्याला पाठवून देतो. पोरगं अर्थातच तिथे जातं. पुढे दरीत नेतानाही तसंच, तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी एक आश्चर्य ठेवलंय, इथेच थांब.

इथे सिनेमा थांबवा आणि विचारा, काकानं गुपित ठेवायला का सांगितलं असेल? बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं? या एका जागेवर पंधरा मिनिटं बोललात तरी चालेल. आश्चर्य आणि गुपित यांतला फरक तिला इथेच समजावता येईल. आजीच्या वाढदिवसाचा केक लपवला तर तो संध्याकाळी सगळ्यांसमोर येतो आणि सगळे खूश होतात. जी गोष्ट आईबाबांना कधीच कळू द्यायची नाही असं कुणी मोठं माणूस सांगतं, ती मात्र लगेच आईला किंवा बाबांना सांगायची, मग ते माणूस घरातलं का असेना. स्कार परका नाही, सख्खा काका आहे. आपण मुलांना ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ एवढं सांगून मोकळे होतो. हा सिनेमा त्यापुढे जातो.

आणि मग ते दृश्य, ज्यासाठी मला हा सिनेमा मुलांना दाखवावासा वाटतो आणि फार लहान मुलांना दाखवू नये असंही वाटतं. सिंबाचा बाप मुफासा स्कारच्या कपटानं मेलेला आहे, पिल्लू त्याच्या पंजाखाली शिरून बसलं आहे, आणि स्कार येऊन म्हणतो, सिंबा, काय केलंस हे? तू नसतास तर तो जिवंत असता. तुझी आई काय म्हणेल? पळून जा आणि परत येऊ नकोस. खुनी स्वतःचं पाप एका पोराच्या डोक्यावर ठेवतो आणि पोरगं ते घेऊन जातं. मोठं होईपर्यंत वागवतं. मुलं असं ओझं किती सहज उचलतात, हे आपल्याला माहीत असायला हवं. घरात भांडण झालं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर लहान मुलाला आपल्यामुळेच झालं असं वाटू शकतं, आणि ते बोलून दाखवत नाही. सिंबाची चूक होती का, असं लेकीला विचारा. ती ठामपणे नाही म्हणेल. मग विचारा, तुला कधी असं वाटलंय का, की काहीतरी तुझ्यामुळे झालं? नसेल वाटलं तर विषय सोडून द्या. वाटलं असेल, तर तुमच्या हाती फार मोठी गोष्ट लागेल.

‘फ्रोझन’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गोथेल आणि स्कार यांच्या बाबतीत प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं, फक्त नायिकेला किंवा नायकाला ठाऊक नसतं. मूल पडद्याकडे बघत ओरडतं, अगं, तिचं ऐकू नकोस! त्या ओरडण्यातच शिकणं आहे. ‘फ्रोझन’मध्ये राजकन्या अ‍ॅनाला लग्नाचं विचारणाऱ्या राजपुत्र हान्सच्या बाबतीत प्रेक्षकालाही फसवलं जातं. अ‍ॅनाचा जीव जात असताना तिला वाचवणारं चुंबन द्यायला म्हणून तो तिच्याजवळ झुकतो आणि थांबतो, तुझ्यावर प्रेम करणारं कुणी असतं तर, असं म्हणतो आणि शेकोटी विझवतो. धक्का जबर आहे. पण लहान मुलीच्या हाती त्यातून काही लागत नाही, उलट कुणीही कधीही बदलू शकतो एवढीच धास्ती बसते. तुमच्या लेकीच्या त्या ‘तुला काय पाहिजे’मागे गोथेलपेक्षा हान्सच असावा असा माझा अंदाज आहे. त्यावर उपाय आहे. तोच सिनेमा पुन्हा लावा आणि खुणा शोधायचा खेळ खेळा. अ‍ॅना जे बोलते ते हान्सलाही नेमकं तसंच वाटत असतं, दर वेळी. तिचं एकही मत त्याला खटकत नाही. ओळख झाल्याच दिवशी तो लग्नाचं विचारतो. बहीण विरोध करते तेव्हा अ‍ॅनाला राग बहिणीचा येतो. आधी न दिसलेल्या खुणा दुसऱ्यांदा दिसल्या की मुलीला धीर येतो, कारण मग तिला कळतं की नीट पाहिलं तर दिसतं.

तर तिला द्यायचा नियम आवाजाच्या गोडव्यावर बेतलेला नसावा. मी मुलांना असं विचारायला सांगते: आपण ‘नाही’ म्हटल्यावर हे माणूस कसं वागतं? चांगलं माणूस हिरमुसेल, कदाचित रागावेलही, पण आपल्याला अपराधी करून सोडणार नाही, आणि उद्या पुन्हा तसंच बोलेल. कपटी माणसाचा चेहरा नकार ऐकताच पालटतो. शिवाय ते माणूस आपल्याला बाकीच्या माणसांपासून तोडतंय का? गोथेल हे अगदी हिशेबानं करते. रपुंझेलला मित्र मिळाल्यावर ती गुंडांना हाताशी धरून असा डाव रचते की तो मित्र तिला टाकून पळाला असं वाटावं, मग त्याच गुंडांपासून तिला ‘वाचवते’, आणि मुलगी रडत तिच्याच मिठीत येते. हा प्रसंग तिसरीतल्या मुलीला एकदा उलगडून सांगावा लागतो. एकदा कळला की ती तो विसरत नाही.

आत्याचं प्रकरण यावरून सुटेल. लेकीला माफी मागायला लावू नका, तिनं प्रश्न विचारला आहे, शिवी दिलेली नाही. तिला एवढंच विचारा की आत्याला तू कधी नाही म्हणालीस का, तेव्हा काय झालं? ‘मला पापा नको’ म्हटल्यावर आत्या थांबली का? थांबली असेल तर उत्तर तिचं तिलाच मिळेल. नणंदेला तुम्ही स्वतः फोन करा आणि हे सगळं मोकळेपणानं सांगा. म्हणावं, पोरगी सध्या माणसं पारखायला शिकतेय, आणि पारखायला तिनं पहिल्यांदा तुम्हाला निवडलं कारण तुमच्यासमोर तिला भीती वाटत नाही. मला वाटतं, त्यांना बरं वाटेल.

सिनेमे बंद करू नका, पण एकटीनं बघू देणं कमी करा. दर पाच मिनिटांनी थांबवून प्रवचन दिलंत तर ती तुमच्याबरोबर बघणंच सोडेल. एका सिनेमात एकच जागा निवडा. बाकी नुसतं शेजारी बसा, हसा, रडा. घरात चार-पाच वर्षांचं भावंड असेल तर मुफासाच्या मरणाचं दृश्य त्याला एवढ्यात नको.

एका बाबतीत मात्र हे सिनेमे कमी पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. गोथेल मनोऱ्यातून पडते आणि तिची धूळ होते. स्कारला तरस संपवतात. नायकाचे हात स्वच्छ राहतात आणि दुष्ट माणूस कायमचं नाहीसं होतं. आपल्या आयुष्यात ते माणूस पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं असतं. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका दाखवा. २००५ ते २००८ या काळात आलेले तिचे ६१ भाग आहेत. त्यातला झुको हा राजपुत्र. तेरा वर्षांचा असताना प्रत्यक्ष बापानं त्याचा चेहरा भाजून त्याला हाकलून दिलेलं आहे, आणि तरी तो त्याच बापाच्या कौतुकासाठी जिवाचं रान करतो. त्याचे इरोहकाका त्याच्याबरोबर राहतात, त्याला चहा पाजतात, धीर देतात. पण बहीण अझुला जेव्हा त्याला घरी परतायची, बापाच्या नजरेत पुन्हा मान मिळवायची लालूच दाखवते, तेव्हा तो काकांकडे पाठ फिरवून तिच्या बाजूनं जातो. त्याला सगळं मिळतं आणि त्यात सुख नाही हे कळायला त्याला आणखी कितीतरी भाग लागतात. शेवटी तो बापासमोर उभा राहून सांगतो की तेरा वर्षांच्या मुलाशी तुम्ही जे केलंत ते क्रूर होतं, चूक होतं. काकांची क्षमा मागायला जातो तेव्हा त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच काका त्याला मिठीत घेतात. आणि बाप मरत नाही. तुरुंगात असतो, आणि झुको त्याला तिथे जाऊन भेटतो, कारण त्याला आपल्या आईचा ठावठिकाणा विचारायचा असतो.

रपुंझेलही मनोऱ्यातून उतरल्यावर एका क्षणी आनंदानं नाचते आणि दुसऱ्या क्षणी मी किती वाईट मुलगी म्हणून रडते. तो प्रसंग विनोदी केला आहे, पण खरा आहे. कपटातून सुटणं एका दिवसात होत नाही, आणि परत फिरावंसं वाटलं म्हणून कुणी कमकुवत ठरत नाही. हे पत्र वाचणाऱ्यांत काही मोठ्या मुलीही असतील, ज्यांचा मनोरा अजून पुरता मागे पडलेला नसेल. त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासारख्या सगळ्या आईबाबांसाठी. सिनेमावर बोलता बोलता मूल कधीतरी म्हणेल, ‘आमच्या क्लासचे सर पण गुपित ठेवायला सांगतात,’ किंवा ‘तो दादा पण स्कारसारखा आहे.’ त्या क्षणी चेहरा शांत ठेवा. ‘काहीतरीच काय’ म्हणू नका आणि प्रश्नांची सरबत्तीही करू नका. तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी काही चूक नाही, एवढं म्हणा आणि ती सांगेल तेवढं तिच्याच शब्दांत ऐका. काय ऐकलं ते नंतर तारखेसह लिहून ठेवा. ज्या माणसाचं नाव निघालं त्याच्याकडे तडक जाब विचारायला जाऊ नका, आणि मुलाला त्याच्याबरोबर एकटं सोडू नका. काय करावं कळत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ पासून पॉक्सो हा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात मुलाची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे बोभाटा होईल या भीतीनं गप्प बसू नका. तो क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि लेकीलाही पाठ करायला सांगा.